आधी चाचणीचा तक्ता, मग प्रस्ताव: नाशिकच्या लघुउद्योगाने संरक्षण संशोधनाचं अनुदान कसं घ्यावं

नाशिकला संरक्षणाचं काम नवं नाही. ओझरची एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही सरकारी विमान कंपनी) मिग-२१ विमानांसाठी उभी राहिली, पुढे तिथे सुखोई-३० बनली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये तेजस मार्क-१एची उत्पादन लाइन सुरू झाली. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. अंबड, सातपूर, सिन्नरमधल्या कितीतरी मशीन शॉपनी या मंडळींसाठी पार्ट केले आहेत. पण ते जॉबवर्क. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) गिऱ्हाइकाचा, आपण फक्त कापायचं आणि क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, द्यायचं. सरकारी पैशातून संशोधन करायचं म्हटलं की ड्रॉइंग तुमचं, चूकही तुमची, आणि माल पास की नापास हे ठरवायचं मोजमापसुद्धा आधी तुम्हालाच सुचवावं लागतं. चांगले चांगले कारखानदार अडतात ते इथेच.

म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा आहे. आधी चाचणीचा तक्ता करा, म्हणजे काय, किती आणि कुठे मोजायचं याची यादी. त्यातून बजेट निघेल, वेळापत्रक निघेल, आणि शेवटी प्रस्ताव.

कोणती योजना कोणासाठी

पहिलं नाव आयडेक्सचं, म्हणजे इनोव्हेशन्स फॉर डिफेन्स एक्सलन्स. एप्रिल २०१८मध्ये सुरू झालेली ही योजना डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन ही कंपनी चालवते, आणि ती कंपनी एचएएल आणि बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) यांनी मिळून स्थापन केली आहे. सैन्यदलं आपल्या अडचणी ‘चॅलेंज’ म्हणून जाहीर करतात, त्यावर स्टार्टअप, एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) आणि वैयक्तिक संशोधक अर्ज करतात. नेहमीच्या चॅलेंजला अनुदान १.५ कोटी रुपयांपर्यंत, आयडेक्स प्राइमला १० कोटींपर्यंत. मार्च २०२४मध्ये आलेल्या अदिती योजनेत अत्यंत महत्त्वाच्या तंत्रज्ञानासाठी ही मर्यादा २५ कोटी आहे. जाहीर चॅलेंजमध्ये न बसणारी कल्पना असेल तर ओपन चॅलेंजचा रस्ता आहे.

दुसरी योजना डीआरडीओची (सरकारची संरक्षण संशोधन संस्था), टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड, बोलीभाषेत टीडीएफ. एका प्रकल्पाची मर्यादा २०२२मध्ये १० कोटींवरून ५० कोटी झाली. खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे मिळू शकतात आणि कालावधी जास्तीत जास्त ४ वर्षं. कॉलेज किंवा संशोधन संस्थेला सोबत घेता येतं, पण बहुतांश काम उद्योगानेच करायचं. इथे तयार झालेल्या बौद्धिक संपदेत डीआरडीओचा वाटा असतो. हे आधी पचवा, मग अर्ज करा.

नेटवर शोधताना अमेरिकेच्या एसबीआयआर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या योजनेची मार्गदर्शकं ढिगाने सापडतात. १९८२च्या कायद्यातून आलेली ती योजना चांगलीच आहे, पण तिथली गणितं इथे लावू नका. तिथे पहिल्या टप्प्याला सहसा स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. आयडेक्सचं अनुदान मात्र उत्पादन विकासाच्या बजेटच्या निम्मं, आणि तेही वरच्या मर्यादेत. उरलेलं निम्मं तुमचं. तो फरक लक्षात न घेता केलेली बजेटं पहिल्याच बैठकीत फाटतात.

अनुदानाच्या वाटेला जायची घाई नसेल तर सृजन पोर्टलपासून सुरुवात करा. २०२० साली सुरू झालेल्या या पोर्टलवर सैन्यदलं आणि एचएएलसारख्या सार्वजनिक कंपन्या सध्या आयात होणाऱ्या वस्तू टाकतात. तिथे अनुदान नाही, पण गिऱ्हाईक खरं आहे. ओझरला रोज टेम्पो पाठवणाऱ्या शॉपसाठी एखादा आयात पार्ट देशी करून दाखवणं ही सर्वांत स्वस्त तालीम.

चॅलेंज वाचायचं कसं

चॅलेंजचा मजकूर बहुतेक वेळा पान-दीड पानाचा असतो. त्यातले आकडे एका रंगाने आणि ‘सुधारित’, ‘हलके’, ‘सोपे’ असे शब्द दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. दुसऱ्या रंगातला प्रत्येक शब्द हा एक प्रश्न आहे. हलके म्हणजे किती किलो? एका माणसाने उचलायचं की दोघांनी? योजनेच्या शंकानिरसन सत्रात हे विचारा, आणि उत्तर लेखी मिळेल असं बघा.

उदाहरण घेऊ. समजा मागणी आहे तोफेच्या नळीचं तापमान सतत मोजून तोफचालकाला इशारा देणाऱ्या उपकरणाची. सलग माऱ्यानंतर नळी तापते, आणि तापलेल्या नळीत गोळा-चार्ज जास्त वेळ राहिला तर तो आपोआप पेटण्याचा धोका असतो. मागणीत लिहिलंय: ४०० अंश सेल्सिअसपर्यंत, अचूकता १ अंश.

इथे नाशिकच्या बहुतेक इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा हात सवयीने के-टाइप थर्मोकपलकडे (दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणारा सेन्सर) जातो. पण साध्या दर्जाच्या के-टाइपची चूक २.२ अंश किंवा वाचनाच्या ०.७५ टक्के, यातलं जे जास्त ते. ४०० अंशांवर ती ३ अंश होते. विशेष दर्जाचा घेतला तरी १.६ अंश. म्हणजे मागणी इथेच हुकली. पीटी-१०० हा प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर, ए वर्गाचा, घेतला तर चुकीचं सूत्र ०.१५ अधिक तापमानाच्या ०.००२ पट, म्हणजे ४०० अंशांवर ०.९५. आकड्यात बसतं, पण जेमतेम. वायरची, कन्व्हर्टरची, नळीला चिकटवण्याची चूक धरायला फक्त ०.०५ अंश उरतो. शिवाय पीटी-१००ची आतली बारीक तार तोफेच्या धक्क्याला नाजूक.

अशा वेळी दोन प्रामाणिक मार्ग असतात. एक, वापरकर्त्याला विचारायचं की १ अंशाची खरोखर गरज आहे का, की इशाऱ्यासाठी ५ अंश पुरेत. दोन, प्रत्येक सेन्सर स्वतंत्रपणे कॅलिब्रेट करायचा आणि त्याचा खर्च बजेटमध्ये दाखवायचा. गप्प बसून ‘अचूकता: १ अंश’ असं प्रस्तावात उतरवून घेणं हा तिसरा मार्ग. तो सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि दीड वर्षाने अंगाशी येतो.

चाचणीचा तक्ता

एक साधी एक्सेल शीट पुरे. प्रत्येक ओळीत गुणधर्म, आकडा, तो कुठल्या उपकरणावर मोजायचा, कुठल्या लॅबमध्ये, किती नग लागतील आणि नापास झालं तर काय बदलायचं. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि मग नापास झाल्यावर तीन महिने नुसती चर्चा चालते.

इलेक्ट्रॉनिक वस्तूसाठी दोन मानकं हाताशी ठेवा. हवामान आणि धक्के यांसाठी आपल्या सैन्यदलांचं जेएसएस ५५५५५, विद्युतचुंबकीय चाचण्यांसाठी अमेरिकी लष्करी मानक मिल-एसटीडी-४६१. विमानावर जाणारं असेल तर सेमिलॅकची (लष्करी विमानांसाठीची प्रमाणन संस्था) हवाई योग्यता मान्यता लागते. तो वेगळाच संसार आहे. पहिल्या प्रकल्पात शक्यतो जमिनीवरची वस्तू निवडा.

जेएसएसमधल्या सगळ्या चाचण्या सगळ्यांना लागत नाहीत. उपकरण कुठे बसणार, त्यावर यादी ठरते: गाडीत, खांद्यावर की जहाजावर. नौदलाला मिठाची वाफ टाळता येत नाही, वाळवंटात धूळ टाळता येत नाही. आपल्या तोफेच्या उदाहरणात उष्णता, थंडी, दमट उष्णता, कंपन, बंप (वारंवार बसणारे धक्के), मुसळधार पाऊस आणि धूळ एवढं तरी धराच.

बजेट

१८ महिन्यांचा, १ कोटी २० लाखांचा नमुना हिशेब असा. चार इंजिनिअर दरमहा ५०,००० आणि एक टेक्निशियन २५,००० धरले तर पगार ४० लाख ५० हजार. सेन्सर, पीसीबी (सर्किट बोर्ड), कनेक्टर, सीएनसीवर केलेली खोकी मिळून सहा प्रोटोटाइपना २२ लाख. लॅबच्या चाचण्या १६ लाख. उपकरणं आणि भाडं १५ लाख. फिल्डवरच्या चाचण्यांचा प्रवास ७ लाख. पेटंट आणि कागदपत्रं ३ लाख ५० हजार. वरखर्च ८ लाख आणि अडीअडचणीला ८ लाख. अनुदान जास्तीत जास्त ६० लाख. तुमचे ६० लाख.

सहा प्रोटोटाइप का? दोन लॅबमध्ये मार खायला, एक फिल्डला, एक तुमच्या बेंचवर बदल करून बघायला, एक वापरकर्त्याकडे आणि एक सुट्या भागांसाठी. तीन करून भागवणाऱ्यांचं घोडं नेहमी एकाच ठिकाणी अडतं: एक कंपनाच्या टेबलावर फुटलं, एक दुरुस्तीला आहे, आणि फिल्डची तारीख उद्याची.

चाचणीचा खर्च धरताना प्रत्येक महागडी चाचणी दोनदा धरा. पहिल्या फेरीत विद्युतचुंबकीय चाचणी पास होणारं उपकरण विरळाच. लॅबच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो, तोही धरा.

आता खरं दुखणं. अनुदान एकरकमी हातात पडत नाही. टप्पे ठरतात, टप्पा पूर्ण झाल्याची पाहणी होते, सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र जातं, मग पुढचा हप्ता. वरच्या हिशेबात महिन्याचा खर्च सरासरी ६ लाख ६७ हजार होतो. पाहणी आणि कागदपत्रांत चार महिने गेले तर साधारण २७ लाख रुपये स्वतःच्या खिशातून फिरवावे लागतील. तेवढी रोकड किंवा बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादा नसेल तर प्रकल्प लहान करा. १ कोटी २० लाखांऐवजी ७० लाखांचा प्रकल्प पुरा करणारा कारखाना दुसऱ्या फेरीत जास्त वजनदार ठरतो.

प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं उघडा. जॉबवर्कचे पैसे आणि अनुदानाचे पैसे एका खात्यात मिसळले की ऑडिटच्या वेळी मार्चमधला स्टीलचा एक चेक आठवडाभर छळतो. इंजिनिअर दोन्हीकडे काम करत असतील तर रोजची टाइमशीट ठेवा, सहीसकट.

अर्ज आणि सादरीकरण

कागदपत्रांत वेळ घालवण्यासारखं फार नाही. उद्यम नोंदणी किंवा डीपीआयआयटी या केंद्रीय विभागाची स्टार्टअप मान्यता, पॅन, लेखापरीक्षित ताळेबंद आणि भागधारकांचा तपशील. कंपनी भारतीय मालकीची असणं ही मूळ अट आहे. परदेशी गुंतवणूकदार घेतला असेल तर भागभांडवलाचा तक्ता आधी सीएकडून तपासून घ्या. १ एप्रिल २०२५पासून एमएसएमईच्या मर्यादा वाढल्या आहेत. लघुउद्योगाला आता २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल चालते, त्यामुळे पूर्वी बाहेर पडलेली बरीच युनिट पुन्हा आत आली आहेत. उद्यम प्रमाणपत्र अद्ययावत आहे का, एवढं एकदा पाहा.

तांत्रिक प्रस्तावात पाच गोष्टी परीक्षक शोधतात: अडचण कळली आहे का, नवं काय, आज काय तयार आहे, कोण करणार, आणि किती दिवसांत. ‘आज काय तयार आहे’ यासाठी टीआरएल नावाची १ ते ९ पायऱ्यांची शिडी वापरली जाते. टीआरएल ३ म्हणजे कल्पना प्रयोगातून सिद्ध झाली, ६ म्हणजे खऱ्यासारख्या वातावरणात प्रोटोटाइप चालला. बेंचवर चाललेल्या वस्तूला ६ लिहू नका. समोरचे अधिकारी पहिलाच प्रश्न विचारतात, ‘कुठे चालवलं?’

निवड समितीसमोर बोलायला मिनिटं थोडी मिळतात. कंपनीचा इतिहास, संस्थापकांचे फोटो, पुरस्कार हे सगळं एका स्लाइडमध्ये गुंडाळा. चाचणीचा तक्ता दुसऱ्याच स्लाइडवर ठेवा. गणवेशातल्या माणसाला ‘हे उपकरण ५५ अंशांत दोन तास चालवून दाखवू’ हे वाक्य ‘जागतिक दर्जाचे समाधान’ यापेक्षा फार आवडतं. चालतं मॉडेल बरोबर न्या, आणि सुटे सेल न्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बॅटरी उतरणं हा जणू नियमच आहे.

काम सुरू झाल्यावर

करार झाला की त्या दलाकडून एक नोडल अधिकारी नेमला जातो. हाच तुमचा खरा वापरकर्ता. पण त्याची बदली होते, आणि ती नेमकी प्रकल्पाच्या मध्यावर होते. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी दोन परिच्छेदांचं इतिवृत्त मेलवर पाठवा: काय ठरलं, कोणता आकडा बदलला. नवा अधिकारी आला की पहिल्या भेटीत ती साखळी त्याच्यासमोर ठेवा. नाहीतर ‘डिस्प्ले हिरवा कोणी सांगितला?’ इथपासून पुन्हा सुरुवात.

लॅबसाठी नाशिककरांना दोनच दिशा. पुण्याकडे एआरएआय (वाहन चाचणी संस्था) आणि तिथल्या खाजगी लॅब, मुंबईकडे अंधेरीचं ईआरटीएल (सरकारी इलेक्ट्रॉनिक्स चाचणी लॅब). चाचणी चेंबरची तारीख आधीपासून धरून ठेवा. आणि लॅबला जाण्याआधी घरच्या घरी हे एवढं करा.

थंडीची चाचणी: साधं डीप फ्रीझर उणे २० अंशांपर्यंत जातं. उपकरण रात्रभर त्यात ठेवा, सकाळी आतच चालू करा. एलसीडी गोठतो, अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर ढेपाळतात, लिथियम-आयन सेल करंट देत नाहीत. उणे ४० मागितलं असेल तर हे तीन भाग निवडतानाच बघायला हवे होते.

ओलावा: बाहेर काढल्यावर झाकण उघडून बघा. आत दव धरलं असेल तर पीसीबीला कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा रोखणारा पातळ थर, हवंच. कोटिंग कनेक्टरच्या पिनांवर गेलं तर संपर्क तुटतो, म्हणून पिना झाकणारं मास्किंगचं फिक्श्चर आधी करा.

कंपन: बहुतेक अपयशं पीसीबीत नसतात, जड भागांत असतात. मोठे इंडक्टर आणि उभे कपॅसिटर सिलिकॉनने बसवा, प्रत्येक स्क्रूला लॉकिंग लावा आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाची रेघ मारा. चाचणीनंतर रेघ सरकली की कोणता सैल झाला ते लगेच कळतं. दहा रुपयांचा मार्कर पेन, पण लॅबचे दोन दिवस वाचवतो.

विद्युतचुंबकीय चाचणीत नापास होण्याची कारणं इतकी ठरलेली आहेत की त्यांची यादी भिंतीवर लावावी. आरई १०२मध्ये, म्हणजे उपकरणातून बाहेर पडणाऱ्या लहरी मोजताना, पहिला दोषी स्विचिंग पॉवर सप्लाय. दुसरा दोषी केबल: शिल्ड गोळा करून एका तारेने बॉडीला जोडलेली असते, ती खरं तर कनेक्टरच्या कवचाला चहूबाजूंनी ३६० अंशांत दाबलेली हवी. तिसरा दोषी सुबक पावडर कोटिंग. झाकण आणि खोकं जिथे मिळतात त्या पट्टीवर रंग चढला की धातूला धातू लागत नाही आणि फटीतून लहरी बाहेर पडतात. ड्रॉइंगवर ‘या पट्टीवर रंग नको’ असं लिहा. अंबडच्या पेंटिंगवाल्याला ते फोनवरही सांगा, कारण ड्रॉइंगची टीप फार कमी लोक वाचतात.

गाडीवरून वीज घेणार असाल तर २४ व्होल्टच्या नावावर जाऊ नका. लष्करी वाहनांच्या २८ व्होल्ट पुरवठ्यासाठीच्या मिल-एसटीडी-१२७५मध्ये ५० मिलिसेकंदांसाठी १०० व्होल्टपर्यंतची उसळी धरलेली आहे. ४० व्होल्टचा रेग्युलेटर तिथे धूर होतो.

ड्रोन किंवा रेडिओ असेल तर आणखी दोन परवानग्या. ओझर, देवळाली आणि गांधीनगर यांच्यामुळे नाशिकच्या आकाशाचा बराच भाग मुक्त नाही. उडवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा नकाशा पाहा, आणि सिन्नरच्या माळरानावरही ‘इथे कोण बघतंय’ म्हणून उडवू नका. रेडिओमध्ये ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतात. बाकी बहुतेक पट्ट्यांसाठी डब्ल्यूपीसीचा (रेडिओ लहरींचं वाटप करणारा सरकारी विभाग) परवाना लागतो. सिग्नल जॅम करणारं काहीही परवानगीशिवाय चालू करणं गुन्हा आहे, बेंचवरसुद्धा.

पेटंट आणि गुप्तता

सादरीकरणाआधी तात्पुरता पेटंट अर्ज टाका. स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, त्यामुळे खर्चाचं कारण चालत नाही. पण शोध संरक्षणाशी संबंधित असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३५ खाली गुप्ततेचा आदेश येऊ शकतो. कलम ३९नुसार भारतातल्या रहिवाशाने परवानगीशिवाय आधी परदेशात अर्ज करायचा नसतो. भारतात अर्ज टाकून सहा आठवडे झाले असतील आणि गुप्ततेचा आदेश नसेल तरच पुढे जा. परदेशी गिऱ्हाइकाला नमुना पाठवताना वस्तू स्कोमेट यादीत (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची सरकारी यादी) आहे का ते पाहा. ड्रॉइंग मेलवर पाठवणं हीसुद्धा निर्यात धरली जाते.

खरेदीपर्यंत टिकून राहणं

प्रोटोटाइप पास झाला म्हणजे ऑर्डर मिळाली असं नाही. पुढे गरजेची मान्यता, निविदा, वापरकर्त्याच्या चाचण्या आणि किमतीची बोलणी असतात. २०२० सालच्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत स्वदेशी आरेखनाच्या गटासाठी किमान ५० टक्के देशी घटक लागतात. त्याचा हिशेब बिलांसकट मागितला जातो, म्हणून बिल ऑफ मटेरियलमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या यादीत, प्रत्येक भागापुढे मूळ देशाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. ड्रोन आणि संपर्क उपकरणांत चिनी भागांवर आता फार बारीक नजर आहे. आतला चिप कुणाचा, फर्मवेअर कुणी लिहिलं, हे विचारलं जातं. वितरकाने मुंबईहून पाठवला म्हणून मॉड्यूल भारतीय होत नाही.

या मधल्या काळात लॅबमध्ये पास झालेला एक नग सीलबंद करून ठेवा, त्याच्या ड्रॉइंगची आणि फर्मवेअरची आवृत्ती गोठवा. मायक्रोकंट्रोलर, एडीसी (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलणारा चिप) आणि खास कनेक्टर यांचा निदान ५० संचांचा साठा घेऊन ठेवा. बनवणाऱ्याने तो चिप बंद केल्याची नोटीस ऑर्डरच्या आधी आली, तर बदललेल्या बोर्डाला आरई १०२पासून सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, आणि त्यासाठी अनुदान नसतं.